नाव पुसले, माणूस उरला

न्यूयॉर्कमधला एक टॅक्सीचालक २०१३ साली इतक्या फेऱ्या मारत होता, की त्याला दिवसाचे चोवीस तास पुरले नसते. निदान सरकारी नोंदी तसे सांगत होत्या. त्याचे नाव कुठेच नव्हते. परवाना क्रमांकाच्या जागी बत्तीस अक्षर-अंकांची एक निरर्थक माळ होती. हा महाभाग कोण, याचा शोध सुरू झाला, तेव्हा कळले की असा चालक अस्तित्वातच नाही. ज्या फेरीत परवान्याचा क्रमांक नोंदवायचा राहिला होता, तिथे यंत्रणेने शून्य टाकले होते. ती बत्तीस अक्षरांची माळ म्हणजे त्या शून्याने घेतलेले सोंग होते.

या एका शून्यामुळे १७ कोटींहून अधिक फेऱ्यांचे बिंग फुटले.

माहिती बाहेर आली होती ती अगदी रीतसर. नकाशे आणि शहरी आकडेवारीत रमणाऱ्या ख्रिस व्हाँग याने तिथल्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज केला आणि टॅक्सी आयोगाने त्याला वर्षभराच्या फेऱ्यांची नोंद हार्डडिस्कवर भरून दिली. प्रवासी कुठे बसला, कुठे उतरला, किती वाजता, भाडे किती झाले, टिप किती दिली, सगळे त्यात होते. चालक आणि टॅक्सी ओळखू येऊ नयेत म्हणून आयोगाने दोघांचेही क्रमांक ‘हॅश’ केले होते. हॅश म्हणजे एक गणिती प्रक्रिया. कोणताही मजकूर आत घाला, ठरावीक लांबीची एक माळ बाहेर येते, आणि त्या माळेवरून मूळ मजकूर काढता येत नाही. मात्र एकच मजकूर कितीही वेळा घातला, तरी माळ तीच निघते.

गोम इथेच होती. ‘शून्य’ घातल्यावर ती माळ निघते म्हणजे आयोगाने ‘एमडी५’ नावाची जुनी, सर्वांना ठाऊक असलेली पद्धत वापरली आहे, हे उघड झाले. विजय पांडुरंगन या संगणक अभियंत्याने पुढचा विचार केला. न्यूयॉर्कच्या टॅक्सी क्रमांकांचे साचे ठरलेले आहेत, चालकांचे परवाने सहा किंवा सात आकडी आहेत. म्हणजे एकूण शक्यता काही कोटींपलीकडे जात नाहीत. त्याने सगळ्या संभाव्य क्रमांकांचे हॅश काढले आणि यादीतल्या माळांशी जुळवून पाहिले. दोन तासांच्या आत काम फत्ते झाले. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरेच, पण तो उलटा फिरवायची गरजच पडली नाही. कोणत्या चालकाने वर्षभरात किती कमावले, तो किती वाजता गाडी काढतो आणि किती वाजता थांबतो, हे आता कोणालाही पाहता येत होते.

भारतीय वाचकाने हे लांबचे प्रकरण समजू नये. आपला मोबाइल क्रमांक दहा आकडी आणि तो ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो, पण गेम खेळण्यासाठी घेतलेल्या बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डाला एवढे एमडी५ हॅश काढायला काही सेकंद पुरतात. ‘तुमचा क्रमांक आम्ही हॅश करूनच पुढे देतो’ असे एखाद्या कंपनीने सांगितले, तर त्यावर किती विसंबायचे ते या हिशेबावरून ठरवावे.

न्यूयॉर्कची गोष्ट चालकांवर थांबली नाही. अँथनी टॉकर या संशोधकाने नामवंत नटनट्या टॅक्सीत चढताना काढलेली छायाचित्रे शोधली. गाडीचा क्रमांक फोटोत दिसत होता, वेळ माहीत होती. यादीतली ओळ सापडायला मग काय लागते? ते कुठे उतरले आणि टिप किती दिली, तेही त्या ओळीत होते. त्याहून अस्वस्थ करणारा त्याचा दुसरा प्रयोग होता. एका नाइट क्लबच्या दारातून मध्यरात्रीनंतर निघालेल्या फेऱ्या त्याने वेगळ्या काढल्या आणि त्या कोणत्या घरांपाशी संपतात ते नकाशावर पाहिले. ज्या पत्त्यावर एकच घर आहे, तिथला प्रवासी कोण हे सांगायला फार अक्कल लागत नव्हती. प्रवासी कोण, याबद्दल तर आयोगाने एक अक्षरही नोंदवलेले नव्हते. हॅश कितीही भक्कम असता, तरी हा दुसरा प्रयोग त्याने रोखला गेला नसता.

या विषयाचे मूळ मात्र मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास तिथल्या विमा आयोगाने सुमारे १,३५,००० सरकारी कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या रुग्णालयीन नोंदी संशोधकांना उपलब्ध केल्या. नाव, पत्ता, सामाजिक सुरक्षा क्रमांक काढून टाकले होते. खासगीपणाला धक्का लागणार नाही, असा भरवसा राज्यपाल विल्यम वेल्ड यांनी दिला होता. त्या वेळी एमआयटीत शिकत असलेल्या लटान्या स्वीनी यांनी २० डॉलर मोजून केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. वेल्ड तिथेच राहत. मतदारयादीत नाव, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा झिप कोड. रुग्णालयाच्या यादीत नाव सोडून हेच सगळे. वेल्ड यांच्या जन्मतारखेचे केंब्रिजमध्ये सहा मतदार निघाले. त्यात पुरुष तीन, आणि त्यांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच. राज्यपालांचे निदान आणि औषधे स्वीनी यांच्यासमोर होती.

पुढे स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून अंदाज मांडला, की जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड या तीन गोष्टींवर ८७ टक्के अमेरिकन लोक एकमेव ठरतात. २००६ मध्ये फिलिप गोल यांनी फेरहिशेब केला, तेव्हा हा आकडा ६३ टक्क्यांवर आला. टीकाकारांनी आणखी एक मुद्दा काढला: वेल्ड १९९६ मध्ये एका पदवीदान समारंभात भोवळ येऊन पडले होते आणि त्याची बातमी झाली होती. सामान्य रुग्णाला असे शोधणे इतके सोपे नसते. हा आक्षेप रास्त आहे, आणि आकड्यांचा गाजावाजा होतो तेव्हा तो लक्षात ठेवायला हवा. पण सामान्य माणसाला शोधायला वर्तमानपत्राची गरज नसते. त्याचा शेजारी, सोडून गेलेला जोडीदार, कचेरीतला वरिष्ठ यांना त्याच्याविषयी बातमीपेक्षा बरेच अधिक माहीत असते.

हा हिशेब इथे मांडून पाहिला तर? भारतात सुमारे १९,००० पिनकोड आहेत. एका पिनकोडात सरासरी सत्तर-पंचाहत्तर हजार माणसे येतात. त्यामुळे पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग हे त्रिकूट इथे अमेरिकेइतके धारदार नाही. पण आपली मतदारयादी कोणालाही उतरवून घेता येते. तीत मतदाराचे वय, लिंग, घर क्रमांक आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. शिवाय आपल्याकडे आडनाव बरेच काही बोलते. गावात तर नाव घेण्याची वेळच येत नाही: ‘देवळामागचे रिटायर मास्तर, ज्यांची मुलगी जर्मनीत आहे’ एवढ्यावर माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. निनावी यादीचेही तसेच आहे. प्रत्येक रकाना निरुपद्रवी दिसतो. तीन-चार रकाने एकत्र आले की त्यांना लागू पडणारा माणूस एकच उरतो.

त्या रकान्यांत जन्मतारीख किंवा पत्ता असायलाच हवा असेही नाही, हे नेटफ्लिक्सने दाखवून दिले. त्याच्या मनात अर्थात तसे नव्हते. ऑक्टोबर २००६ मध्ये कंपनीने १० लाख डॉलरची स्पर्धा लावली: प्रेक्षकाला पुढचा चित्रपट सुचवण्याची आमची पद्धत १० टक्क्यांनी सुधारून दाखवा. सरावासाठी सुमारे ४,८०,००० सभासदांनी दिलेले १० कोटी अभिप्राय खुले केले. नावे नाहीत, फक्त चित्रपट, किती तारे दिले, आणि तारीख. टेक्सास विद्यापीठातले अरविंद नारायणन आणि व्हिताली श्मातिकोव्ह यांनी गणित मांडले. एखाद्याने पाहिलेल्या आठ चित्रपटांचे अभिप्राय तुम्हाला ठाऊक असतील, त्यातले दोन चुकीचे असले आणि तारखा दोन आठवड्यांनी मागेपुढे झाल्या, तरी ९९ टक्के सभासद यादीत नेमके सापडतात. सभासदांपैकी काहीजण आयएमडीबी या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने अभिप्राय लिहीत होते. दोन्ही ठिकाणचे ठसे जुळवून या जोडीने काही सभासद ओळखूनही दाखवले.

चित्रपटांची यादी कळली तर बिघडले काय, असे वाटू शकते. उघडपणे लिहिलेल्या अभिप्रायांत माणूस जे दाखवतो आणि घरी एकटा जे पाहतो, त्यात फरक असतो. राजकारण, धर्म, लैंगिक कल यांचा अंदाज त्या फरकातून येतो. डिसेंबर २००९ मध्ये एका समलिंगी स्त्रीने नाव गुप्त ठेवून नेटफ्लिक्सवर दावा लावला. आपला कल उघड होईल आणि मुलांना त्रास होईल, अशी तिची तक्रार होती. तिच्या हाती १९८८ चा एक जुना कायदाही होता. सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलेले न्यायमूर्ती रॉबर्ट बोर्क यांनी दुकानातून कोणत्या व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणल्या, याची यादी एका साप्ताहिकाने छापली आणि त्यावरून अमेरिकी संसदेने हा कायदा केला होता. मार्च २०१० मध्ये दावा मिटला आणि नेटफ्लिक्सने जाहीर केलेली दुसरी स्पर्धा रद्द केली.

मोबाइलचा माग तर चित्रपटांपेक्षा बोलका. एका युरोपीय देशातल्या १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी इव्ह-अलेक्झांडर द माँजॉय आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. २०१३ च्या त्यांच्या निबंधानुसार तासाभराच्या अंतराने टॉवरची जागा नोंदवलेली असेल, तर चार नोंदी ९५ टक्के लोकांना इतरांपासून वेगळे काढायला पुरतात. कारण सोपे आहे: रात्री एका ठिकाणी आणि दिवसा दुसऱ्या ठिकाणी असणारा फोन बहुधा एकाच माणसाचा असतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेच्या सरचिटणीसाला पद सोडावे लागले. एका प्रकाशनाने बाजारात विकत मिळणाऱ्या ‘निनावी’ ठावठिकाण्याच्या नोंदी घेऊन त्याचा फोन ओळखला आणि तो समलिंगी डेटिंग अ‍ॅप वापरत असल्याचे छापले होते. यात कोणी कोणाच्या संगणकात घुसले नव्हते. माल दुकानातून पैसे देऊन आणला होता.

मग उपाय काय? संगणकशास्त्रज्ञांनी पहिल्यांदा गर्दीचा आधार घेतला. यादीतली प्रत्येक ओळ निदान आणखी चार ओळींसारखी दिसेल अशी बेतायची: नेमक्या वयाऐवजी ‘४० ते ४५’, गावाऐवजी तालुका. याला के-अ‍ॅनॉनिमिटी म्हणतात. पण त्या पाचही ओळींत एचआयव्हीचे निदान असेल, तर पाचातला आपला माणूस कोणता हे न कळताही जे कळायचे ते कळते. शिवाय रकाने जितके ढोबळ करावे, तितका अभ्यासकाला त्यांचा उपयोग कमी.

दुसरा मार्ग मुळात जुना आहे. लोक नाजूक प्रश्नांना खरी उत्तरे देत नाहीत, म्हणून स्टॅन्ली वॉर्नर या संशोधकाने १९६५ मध्ये उत्तरातच योगायोग मिसळण्याची युक्ती सुचवली. तिचा एक सुटसुटीत प्रकार असा: उत्तर देणाऱ्याने कोणाला न दाखवता नाणे उडवायचे. छापा आला तर खरे उत्तर द्यायचे. काटा आला तर पुन्हा नाणे उडवून छाप्याला ‘हो’ आणि काट्याला ‘नाही’ म्हणायचे. ‘तुम्ही कधी लाच दिली आहे का?’ याला एखाद्याने ‘हो’ म्हटले, तरी ते त्याचे उत्तर की नाण्याचे, हे कोणालाच सांगता येत नाही. पण एक हजार लोकांत नाण्याचे ‘हो’ साधारण २५० असणार, हे ठाऊक असते. एकूण ‘हो’ ४०० आले, तर २५० वजा करून उरलेले १५० हे खरे उत्तर देणाऱ्या सुमारे ५०० जणांतले. म्हणजे लाच देणारे सुमारे ३० टक्के. समूहाचे चित्र मिळते आणि प्रत्येकाला नाकबूल करायला जागा राहते.

सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याच विचाराला काटेकोर गणिती रूप दिले. त्याला डिफरन्शियल प्रायव्हसी म्हणतात. त्याची किंमत अमेरिकेच्या जनगणना खात्याला कळली. २०१० च्या जनगणनेचे छापील तक्ते एकमेकांवर ताडून आपलीच गुप्तता फोडता येते का, हे खात्याने स्वतः करून पाहिले. सुमारे ३१ कोटी लोकांच्या नोंदी तक्त्यांवरून पुन्हा रचल्या. ४६ टक्के हुबेहूब उतरल्या, आणि बाजारातल्या याद्यांशी जोडल्यावर १७ टक्के लोकसंख्या, म्हणजे सव्वापाच कोटींच्या आसपास माणसे नावानिशी बरोबर ओळखता आली. म्हणून २०२० च्या आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळली गेली. त्यावर अलाबामा राज्याने कोर्ट गाठले. मोठ्या शहराचा आकडा यात हलत नाही. चाळीस उंबऱ्यांच्या वस्तीचा हलतो, आणि निधी व मतदारसंघ त्यावरच ठरतात.

कायद्याची अडचण इथून सुरू होते. बहुतेक कायदे एक रेघ ओढतात: अलीकडे वैयक्तिक माहिती, तिला संमती, सुरक्षा, दंड सगळे लागू, पलीकडे निनावी माहिती, तिला मोकळे रान. अमेरिकेचा आरोग्यविषयक कायदा तर १८ रकान्यांची यादीच देतो. ते काढले की नोंद सुरक्षित धरली जाते. नेटफ्लिक्सचे चित्रपट आणि तारे असल्या कोणत्याच यादीत बसले नसते. कायद्याचे अभ्यासक पॉल ओम यांनी २०१० मध्येच बजावले होते, की ही रेघ ज्या गृहीतकावर उभी आहे तेच ढासळले आहे. एकच यादी एकाच्या हाती निनावी असते आणि ज्याच्याकडे दुसरी यादी आहे त्याच्या हाती नावानिशी. युरोपच्या कायद्याने म्हणून वेगळी कसोटी घेतली: खर्च, वेळ आणि उपलब्ध तंत्रज्ञान पाहता ओळख पटवण्याची वाजवी शक्यता आहे का? सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय न्यायालयाने असेही म्हटले, की टोपणक्रमांक दिलेली माहिती मूळ संस्थेसाठी वैयक्तिक असली, तरी ओळख पटवूच न शकणाऱ्या तिसऱ्यासाठी ती तशी असेलच असे नाही. तर्क बरोबर आहे, पण त्या तिसऱ्याच्या हाती उद्या कोणती यादी येईल, हे आज कोण सांगणार?

ओळख पटवणे हाच गुन्हा ठरवायचा, असाही एक मार्ग आहे. ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये २९ लाख नागरिकांच्या उपचारांच्या नोंदी खुल्या केल्या. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यातले डॉक्टरांचे क्रमांक उलगडून दाखवले आणि सरकारला कळवले. सरकारने नोंदी मागे घेतल्या आणि लगोलग ओळख उलगडण्यावर शिक्षेचे विधेयक आणले. चोराऐवजी जागल्यालाच धरण्याचा हा प्रकार असल्याची टीका झाली आणि विधेयक बारगळले. ब्रिटनच्या २०१८ च्या कायद्यात असा गुन्हा आहे, पण सुरक्षा तपासणाऱ्या संशोधकाला बचावाची वाटही आहे.

भारताने काय केले? सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१९ च्या विधेयकात निनावीकरणाची व्याख्या होती आणि संमतीविना ओळख उलगडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंडही होता. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले. त्याच २०१९ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहने आणि परवान्यांची माहिती घाऊक विकण्याचे धोरण आणले होते: कंपन्यांना वर्षाला ३ कोटी, शैक्षणिक संस्थांना ५ लाख. याद्या जुळवून माणूस ओळखला जाण्याचा धोका त्या धोरणातच मान्य केलेला होता. २०२० मध्ये ते गुंडाळावे लागले.

आता लागू होत असलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात निनावीकरण हा विषयच नाही. ज्या माहितीवरून किंवा जिच्या संदर्भाने व्यक्ती ओळखता येते, ती वैयक्तिक. इतके सांगून तो थांबतो. कोणाला ओळखता येते, कोणत्या साधनांनी, किती खर्चात, याची युरोपसारखी कसोटी नाही. संशोधन आणि सांख्यिकीच्या कामाला तो ठरावीक मानकांच्या अटीवर सूटही देतो. जनगणना कायद्याने व्यक्तीचे अर्ज गुप्त राहतात, पण २०२७ च्या जनगणनेत जातीचीही नोंद होणार आहे, आणि ज्या गावात एखाद्या जातीचे एकच घर आहे, तिथे गावपातळीवर छापलेला तक्ता त्या घराचाच अर्ज ठरेल. ते तक्ते कोणत्या पातळीपर्यंत आणि किती ढोबळ करून छापायचे, याची चर्चा गणना होण्याआधी व्हायला हवी.

२०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने दीड वर्षाने, मे २०२७ मध्ये लागू होतील. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. साहजिकच ‘आमच्याकडची माहिती निनावी आहे, तिला हा कायदा लागू नाही’ हा बचाव याच कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळापुढे लवकरच येईल. ती निनावी आहे की नाही हे दाखवण्याचे ओझे कोणावर, हे कायद्यात लिहिलेले नाही. मंडळाने ते कंपनीवर टाकले नाही, तर तक्रारदाराला आधी हे सिद्ध करावे लागेल, की त्या बिननावाच्या यादीतली अमुक ओळ आपलीच आहे. आणि ती यादी तर कंपनीच्याच ताब्यात असणार.